पस्तीस डॉलर

आत्याने तिच्या बँकेच्या स्टेटमेंटचा फोटो पाठवला तो भलत्याच कारणासाठी. दर महिन्याला १४ डॉलर कुणीतरी कापून घेतंय आणि ते कोण, हे तिला उमगत नव्हतं. "तुझे डोळे तरुण आहेत, बघ जरा," असं खाली लिहिलं होतं. पंचावन्नाव्या वर्षी माझ्या डोळ्यांना तरुण म्हणणारी आता ती एकटीच उरली आहे. फोटो तिरका होता, कागदावर तिच्या अंगठ्याची सावली पडली होती. १४ डॉलरवाला चोर लगेच सापडला. कधीतरी पहिला महिना फुकट म्हणून घेतलेली आणि बंद करायची राहून गेलेली कसलीशी वर्गणी होती ती. पण तिच्या चार ओळी वर मी पाठवलेले पैसे दिसले. मी २,००० डॉलर पाठवले होते. जमेच्या रकान्यात १,९८० होते. त्याखालच्याच ओळीत, बाहेरून आलेली रक्कम स्वीकारल्याबद्दल तिच्या बँकेने आणखी १५ उचलले होते. पैसे पोचले त्या रात्री मी फोनवर ओरडून विचारलं होतं, "सगळे आले ना?" ओरडूनच, कारण पैसे तिच्या कानाच्या यंत्रासाठी होते. आणि तिनेही तितक्याच मोठ्याने सांगितलं होतं, "आले गं बाई, पै न् पै आली."

पस्तीस डॉलरने कुणाचं काही बिघडत नाही. तिचं नाही, माझंही नाही. बँका मधे हात मारतात हे काही मला नवीन कळलं नव्हतं. मला टोचत राहिलं ते तिचं उत्तर. किती सहज आलं होतं ते! क्षणभर अडखळली असती, "हो, आले बहुतेक" असं म्हणाली असती तरी चाललं असतं. ती बोलली ते मात्र पाठ असल्यासारखं. आणि दोन दिवस डोक्यात घोळवल्यावर लक्षात आलं की असं उत्तर मी आधी ऐकलं आहे, आमच्याच घरात, वेगळ्या तोंडून.

ते नंतर सांगते. आधी बँकेतली गोष्ट.

परकीय चलनाचं टेबल आमच्या शाखेत अगदी आतल्या कोपऱ्यात आहे, लॉकरच्या वाटेवर. तिथे मुलांच्या परदेशी फीच्या फायली घेऊन बसलेले आईबाप असतात. त्यांच्या चेहऱ्यावर धास्ती आणि अभिमान एकदमच दिसतात. दुपार उलटून गेलात तर उद्याचा रेट. फॉर्म ए-टू भरायचा, पॅन द्यायचं, वर्षभरात आणखी कुठून कुठे पाठवले ते लिहून द्यायचं. टेबलापलीकडची मुलगी हुशार होती, स्क्रीनकडे बघत भराभर विचारत होती. पैसे कुणाला? आत्याला. कशासाठी? तिच्या औषधपाण्याला, म्हणजे कानाच्या यंत्राला, म्हणजे तिचा खर्च चालावा म्हणून. मुलगी थांबली. "मॅडम, जवळच्या नातेवाइकाचा निर्वाह यात आत्या बसत नाही." मला वाटलं गंमत करतेय. तिने यादी वाचून दाखवली. नातेवाईक कोण, हे इथे कंपनी कायद्यावरून ठरतं. नवरा-बायको, आई, वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य. सावत्र भाऊ चालतो, सावत्र आईसुद्धा चालते. जिने माझ्या चुलत्यांचं शिक्षण उचललं, आमच्या घरावरचं छप्पर बदललं, ती चालत नाही. "मग काय करायचं?" तर सोपं होतं. गिफ्ट म्हणायचं. गिफ्ट कुणालाही देता येतं. कोड एस-१३०२.

मी सही केली. आत्याला गिफ्ट. आयुष्यात पहिल्यांदाच तिला मी काही देत होते आणि तेही सरकारदरबारी शोभेच्या वस्तूच्या रांगेत जाऊन बसलं. मला राग आला म्हणावं तर आला नाही. उलट एक बारीकसं समाधान वाटत होतं आणि ते कबूल करायला मला संकोच होतो. शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी "अमेरिकेला पाठवताय? मुलगा असतो का तिकडे?" असं विचारलं, तेव्हा मी "नाही, आत्या आहे, तिला लागतात," असं जरा मोठ्यानेच सांगितलं. अमेरिकेला पैसे लागतात आणि ते मी पाठवते आहे, हे कुणीतरी ऐकावंसं वाटलं. पन्नास वर्षांचं कुठलंतरी जुनं देणं आपण फेडतोय अशा थाटात मी बसले होते. आत्या समोर असती तर तिने एका नजरेत तो थाट उतरवला असता.

मग त्या मुलीने शेवटचा प्रश्न विचारला, "चार्जेस कुणाकडे?" तीन पर्याय असतात. सगळा खर्च पाठवणाऱ्याने सोसायचा, सगळा घेणाऱ्याने, किंवा इकडचा इकडे आणि तिकडचा तिकडे. "बहुतेक जण तिसरा घेतात," ती म्हणाली, तोच झाला. पहिला घेतला तरी मधली एखादी बँक कापणारच नाही याची खात्री नसते, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितलं. नात्यात हा प्रश्न इतका सरळ कुणी कुणाला विचारलेला मी ऐकला नव्हता.

मधली बँक म्हणजे काय, हे मी नंतर समजून घेतलं आणि त्याचं मला फार नवल वाटलं. पैसे जातच नाहीत. निघतात, पोचतात, वाटेत अडकतात असं आपण म्हणतो खरं, पण इथून तिथे जातो तो फक्त निरोप. ज्या जाळ्यावरून जातो ते स्विफ्ट १९७३ साली ब्रसेल्सला पंधरा देशांतल्या २३९ बँकांनी मिळून उभं केलं. १९७७ पासून ते चालू झालं, त्याआधी टेलेक्सवर काम चाले. आता अकरा हजारांवर संस्था त्यावर आहेत. माझ्या बँकेचं आत्याच्या बँकेत खातं नाही, म्हणून दोघींची जिथे ओळख आहे अशी एक मोठी बँक मधे घ्यावी लागते. माझी बँक तिला सांगते, माझ्या खात्यातून इतके काढ आणि आत्याच्या बँकेच्या खात्यात टाक. ती टाकते आणि टाकता टाकता आपली दलाली काढून घेते. माझे २० डॉलर तिथे गेले. कुणाच्या तरी वहीत कमी, कुणाच्या तरी वहीत जास्त. अटलांटिकवरून नोटांची एक थप्पीसुद्धा उडत नाही. बेकायदा म्हणून ज्याच्या नावाने आपण बोटं मोडतो त्या हवाल्याचीही रीत मुळात हीच, फक्त तिथे कोड नसतो आणि पावती नसते. जगभरात साधारण दोनशे डॉलर घरी पाठवायचे तर सरासरी सहा टक्क्यांच्या वर खर्च येतो असं जागतिक बँक सांगते. तो २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या खाली आणायचं संयुक्त राष्ट्रांनी ठरवलं आहे. आखातातल्या बांधकामावर काम करणाऱ्या माणसाला ते सहा टक्के किती तासांना पडतात, हा हिशोब मात्र ज्याचा त्याने करायचा.

तास. आत्याची गोष्ट तासांत मोजायची, हे मला फार उशिरा सुचलं.

ती १९७१ मध्ये गेली, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तेव्हा देशातून बाहेर पडताना माणशी आठ डॉलर नेता येत. साडेसात रुपयांचा डॉलर, म्हणजे साठ रुपये. आज मला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवायची मुभा आहे. माझ्याकडे तेवढे असते तर, हा भाग वेगळा. ही मुभासुद्धा रिझर्व्ह बँकेने दिली ती २००४ च्या फेब्रुवारीत, तेव्हा मर्यादा २५,००० ची होती. आत्या आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, यांचे मिळून सोळा डॉलर होते आणि त्यातले तीन विमानतळावरून शहरात जाईपर्यंत संपले, ही गोष्ट आमच्याकडे विनोद म्हणून सांगितली जायची. काका हसत हसत सांगायचे. आत्या त्या वेळी हमखास उठून दुसऱ्या खोलीत जायची.

ती बी.एस्सी. होती. पहिली नोकरी मिळाली हॉस्पिटलच्या लाँड्रीत. हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, "हॉस्पिटलमध्ये असते" एवढंच माहीत होतं आणि आजी सगळ्यांना सांगायची की मुलगी डॉक्टरांच्या हाताखाली आहे. मला ते काका गेल्यानंतर एकदा आत्यानेच सांगितलं. चादरी इतक्या गरम निघायच्या की बोटांची टोकं बधिर व्हायची. ब्लीचचा वास केसांत बसायचा, घरी जाऊन दोनदा धुतले तरी उशीला यायचा. हिवाळ्यात त्या वाफेतून बाहेरच्या बर्फात पाऊल टाकलं की भुवयांवरचं पाणी गोठायचं. तिथली किमान मजुरी तेव्हा तासाला १ डॉलर ६० सेंट होती, तिला तेवढीच मिळायची. दर दोन महिन्यांनी ती आमच्याकडे ५२ डॉलर पाठवायची. मी भागून पाहिलं, साडेबत्तीस तास होतात, आणि हे कर कापायच्या आधीचं.

आमच्याकडे त्याचे रुपये व्हायचे. चारशेला थोडे कमी. रजिस्टर पाकिटातून ड्राफ्ट यायचा, निळ्या कागदावरच्या पत्रात घडी घालून ठेवलेला. पोस्टमन सही घ्यायला दारात उभा राहिला की आजी पदर सारखा करून बाहेर यायची, जणू पत्रातून आत्या बघणार आहे. बाबा ड्राफ्ट बँकेत घेऊन जात. बँक तो वसुलीला परदेशी पाठवी आणि महिना-दीड महिन्याने रक्कम खात्यात पडे, कमिशन आणि टपालखर्च वळता करून. तो वळता केलेला आकडा बाबा पासबुकात पेन्सिलीने गोल करून ठेवत. शाळेत कारकून होते, त्यांना गोल करण्याची सवय होती. मग रात्री बसून ते आत्याला पत्र लिहीत आणि लिहिलेलं आजीला मोठ्याने वाचून दाखवत. चुलत्यांच्या कॉलेजची फी भरली, आजीचा मोतीबिंदू पुढच्या महिन्यात, छपराचे पत्रे आणले. पत्राची सुरुवात ठरलेली असे. रक्कम पूर्ण मिळाली, काळजी नसावी.

पेन्सिलीचं वर्तुळ मी पाहिलं होतं आणि ते वाक्यही ऐकलं होतं. दोन्ही मिळून काही वेगळं होतं हे लहानपणी कधी जाणवलंच नाही.

आम्हा मुलांना दुसरंच कोडं होतं. ५२ कशाला? पन्नास का नाही? माझ्या चुलतभावाचं म्हणणं होतं, अमेरिकेत बावन्न शुभ मानत असतील, आपल्याकडे एक्कावन्न तसं. वर्षाचे आठवडे बावन्न म्हणून, असं एका हुशार मुलाने सुचवलं. पुढे पगार वाढला, ती लाँड्रीतून हॉस्पिटलच्या नोंदणी विभागात गेली आणि आकडा १०४ वर गेला. म्हणजे कोडंही दुप्पट झालं. १९९१ च्या जूनअखेरीस असा एक १०४ चा ड्राफ्ट वसुलीला गेलेला असतानाच जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत सरकारने रुपयाचं दोनदा अवमूल्यन केलं. एकवीस रुपयांचा डॉलर सव्वीसच्या जवळ गेला. बाबांच्या हाती जवळपास पाचशे रुपये जास्त आले. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवलं, वर्तमानपत्रं देशाची अब्रू गेल्याचं लिहीत होती आणि आमच्या ओटीवर मात्र आनंदाचं वातावरण. बाबांना ते खटकलं असावं. त्या वेळी पत्रात त्यांनी वाढीव पाचशेबद्दल लिहिलं का, हे मला आठवत नाही. मला वाटतं नसावं. कमी आले ते जसं लिहायचं नाही, तसंच जास्त आले तेही.

आता सगळ्या जगात सर्वांत जास्त पैसे घरी येणारा देश आपला. २०२४ मध्ये सुमारे १२९ अब्ज डॉलर आले असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. याचा आपल्याला अभिमान वाटतो. तो वाटावा की नाही यावर माझं मत अजून पक्कं होत नाही. इतकी माणसं घरापासून लांब राहिली म्हणून तो आकडा झाला आहे. उलट्या दिशेनेही आता बरंच वाहतं. २०२३-२४ मध्ये इथल्या रहिवाशांनी ३१ अब्जांहून जास्त डॉलर बाहेर पाठवले, त्यातले निम्म्याहून अधिक नुसते फिरायला. माझे दोन हजार त्यात कुठे दिसणार? पण त्या वाहण्यात एक अशीही बारीक धार असणार की जी पूर्वी तिकडे गेलेल्यांकडेच आता चालली आहे. साठ-सत्तरच्या दशकांत गेलेली पिढी ऐंशीला टेकली आहे. सगळ्यांनी काही हवेल्या बांधल्या नाहीत. काका शेवटची चार वर्षं अंथरुणावर होते, साठवलेलं त्यात गेलं. मूलबाळ नाही. तिथल्या वृद्धांच्या सरकारी विम्यात, मेडिकेअरमध्ये, ऑपरेशनं बसतात, पण कानाचं यंत्र आणि रोजचे दात बसत नाहीत. माणूस म्हातारा होतो तो नेमका कानांनी आणि दातांनी, हे तो कायदा करणाऱ्यांच्या घरात कुणी पाहिलं नसेल का, असं मला नेहमी वाटतं. २०२२ पासून साधी यंत्रं तिथे दुकानात बिनचिठ्ठीची मिळतात, पण तिच्या कानांना ती पुरेशी नव्हती.

तिने मागितलं नव्हतं. तीन वर्षं आम्ही फोनवर एकमेकींशी वेगवेगळ्या विषयांवर बोलत होतो. मी पावसाबद्दल विचारावं आणि तिने पायाचं सांगावं. यंत्र घे म्हटलं की "बघू" म्हणायची. "बघू" हे तिला बरोबर ऐकू यायचं. शेवटी तिच्या शेजारच्या बाईंकडून किंमत काढली, एका कानाला दोन हजार, आणि ठरवलं की आधी एक कान.

यंत्र बसल्यावर पहिल्या फोनला मी सवयीने ओरडले. "हळू," ती म्हणाली, "मी बहिरी नाहीये." मग आम्ही दोघी हसलो आणि त्या हसण्याच्या ओघात मी पस्तीस डॉलरचं काढलं. स्टेटमेंटमध्ये दिसलं, का नाही सांगितलंस? मला वाटलं होतं ती सारवासारव करेल. तिने उलट मलाच विचारलं, "तुझ्या बाबाने तरी कधी सांगितलं?"

म्हणजे तुला माहीत होतं?

"न कळायला काय झालं? मी बँकेतूनच काढायचे ना ड्राफ्ट. तिथली बाई म्हणाली, तिकडे गेल्यावर यातले थोडे कापतील. किती, ते तिलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, दोन जास्त टाकते. पन्नास तर पोचायला हवेत. आईला मी पन्नास सांगितले होते." आणि बाबांचं वाक्य वाचताना ती दर वेळी हसायची म्हणे. काकांना वाचून दाखवायची, बघ, भाऊ पुन्हा खोटं बोललाय. पण तिनेही दोन डॉलरचं कधी लिहिलं नाही. बाबांना ते ५२ का येतात हे कळलं होतं का? मी विचारलं. ती थोडा वेळ बोलली नाही. मला आधी वाटलं यंत्र बंद पडलं. "कळलं असणार," ती म्हणाली. "कारकून होता."

बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. पासबुकं कुठे गेली कोण जाणे. दोघं भाऊ-बहीण वीसेक वर्षं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते आणि दोघांनाही ती ठाऊक होती, याला काय म्हणावं? मला त्यात गोडवा दिसतो आणि थोडा वैतागही येतो. इतकं जपून वागायचं कशाला? एकदा लिहून टाकलं असतं की एवढे कापले जातात, तर तिने नीट हिशोब करून पाठवले असते, बाबांची पेन्सिल वाचली असती. माझा नवरा म्हणतो तुम्ही सगळेच नाटकी. असू. पण मी दुसऱ्या कानाचे पैसे पाठवायला गेले तेव्हा मीही फॉर्मवर २,०४० लिहिले आणि आत्याला फोनवर सांगितलं, दोन हजार पाठवतेय.

टेबलापलीकडची मुलगी बदलली होती. आत्या या वेळीही यादीत बसली नाही. चार्जेस कुणाकडे, तर पुन्हा तिसराच पर्याय. मधल्या बँकेने वीसच कापले, तिकडच्या बँकेने पंधरा.

दुसरं यंत्र बसलं त्या संध्याकाळी, म्हणजे माझ्या सकाळी, आत्याचा फोन आला. आवाज अगदी साधा, खालच्या पट्टीतला, किती वर्षांनी ऐकला असेल मी तो. "पाच डॉलर जास्त आलेत," ती म्हणाली. "तुझा अंदाज तुझ्या बापापेक्षा बरा आहे. पुढच्या वेळी पाच कमी पाठव."

"आता पुढची वेळ कशाला? दोन्ही कान झाले की."

"दात आहेत ना," आत्या म्हणाली.